ला होयाच्या गुहा : दोनदा गेलो, एकदाच आत शिरलो

पहिल्या खेपेला आम्ही कयाकने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीने, गुहेच्या तोंडापाशी जाऊन परत आलो. समोर तीस-चाळीस फुटांवर ती काळी कपार, आणि गाईड मुलगी वल्हं आडवं धरून सांगतेय, आज नाही. स्वच्छ ऊन होतं, पाणी निळंशार, वारा तर केस हलतील इतकाही नव्हता. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो अस्सल पुणेरी: पैसे घेतले आणि आता टाळताहेत.

ती म्हणाली, दोन मिनिटं थांबा आणि नुसतं बघा. थांबलो. पाणी गुहेच्या तोंडाशी हळूहळू वर चढायला लागलं. लाट अशी दिसतच नव्हती, कढईतलं दूध वर यावं तसं सगळं पाणी एकदम वर आलं. कातळावरची ओली रेघ बुडाली, गुहेचं तोंड निम्म्याने लहान झालं, आतून 'धप्प' असा बंद दार आपटल्यासारखा आवाज आला आणि फवारा बाहेर फेकला गेला. पाठोपाठ तसंच अजून दोनदा. मग पुन्हा पाच-सात मिनिटं काही नाही, तळ्यासारखं शांत. त्या शांत वेळात आत गेलो असतो तर आमची डोकी छताला लागली असती. मी निमूट कयाक वळवू दिली.

कयाक वळवणारा माझा भाचा, अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला नोकरी करतो. मी बावन्न वर्षांची, पोहायला शिकले ती विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. समुद्रात वल्हं मारायची ही पहिलीच वेळ. आमच्यासारख्यांनी जावं का, तर जरूर जावं. फक्त कुठल्या दिवशी जायचं ते नीट बघून जावं, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

ला होया ही सॅन डिएगो शहरातलीच समुद्रकाठची वस्ती. लिहिताना 'जोला' दिसतं, पण म्हणायचं 'होया'. वाळूचा किनारा संपतो तिथून वालुकाश्माचा कडा सुरू होतो आणि त्याच्या पायथ्याशी ओळीने सात गुहा आहेत. दगड साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला, पण इतका ठिसूळ की लाटांनी जिथे भेग सापडली तिथे कोरून काढलाय. गुहांना नावं मजेदार आहेत: व्हाइट लेडी, लिटल सिस्टर, शॉपिंग कार्ट, सनी जिम वगैरे. व्हाइट लेडीच्या आतून तोंडाकडे पाहिलं की उजेडाचा आकार लग्नाच्या झग्यातल्या बाईसारखा दिसतो म्हणतात. गाईड लोक साधारणपणे शेवटच्या, ला होया कोव्ह या छोट्या खाडीच्या बाजूच्या क्लॅम्स गुहेत नेतात. बाकीच्या बाहेरून दाखवतात. सातही गुहांत जायला मिळणार अशा समजुतीने कोणी जाऊ नये.

आता तो पहिला दिवस का फसला ते. आदल्या रात्री भाच्याने लाटांचा अंदाज फोनवर पाहिला होता: उंची तीन फूट. तीन फूट म्हणजे कमरेएवढी लाट, त्यात काय, म्हणून आम्ही खूश. पण शेजारीच दुसरा आकडा होता, १६ सेकंद, तो आम्ही वाचलाच नाही. तो दोन लाटांमधल्या वेळेचा आकडा, आणि गुहेत जायचं असेल तर खरा महत्त्वाचा तोच. जवळपासच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा सात-आठ सेकंदांनी येतात. चौदा-सोळा सेकंदांच्या लाटा हजारो किलोमीटरवरच्या वादळातून आलेल्या असतात. खोल समुद्रात ८ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १०० मीटर असते, १६ सेकंदांच्या लाटेची ४०० मीटर. लांबून पाहाल तर ती दिसतसुद्धा नाही, पण कड्याशी आल्यावर एवढं सगळं पाणी मागून ढकलत राहतं. आम्ही दूध उतू जाताना पाहिलं ते हेच. त्यात या लाटा घोळक्याने येतात, तीन-चार मोठ्या आणि मग सुट्टी. म्हणून काठावर उभं राहून दोन मिनिटं समुद्र पाहिला आणि 'शांत आहे' म्हटलं, त्याला काही अर्थ नाही. पंधरा मिनिटं पाहा.

गंमत म्हणजे लाटांचं हे शास्त्र वाढलं तेच मुळी या गावात. किनाऱ्याच्या उत्तरेला जो लांब धक्का दिसतो तो स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचा, संस्था १९०३ पासूनची. वॉल्टर मंक आणि हारल्ड स्वेरड्रुप यांनी दुसऱ्या महायुद्धात, सैन्य किनाऱ्यावर उतरवायच्या दिवशी लाटा केवढ्या असतील हे आधी सांगायची पद्धत इथेच बसवली. पुढे १९६३ मध्ये मंकनी दक्षिण गोलार्धातल्या वादळातून निघालेल्या लाटांचा पॅसिफिक ओलांडून थेट अलास्कापर्यंत माग काढला. आजही स्क्रिप्सच्या तरंगत्या यंत्रांचे आकडे कोणालाही फुकट पाहता येतात. आम्ही ते पाहिले, फक्त अर्धे.

दुसऱ्या खेपेला, पुढच्या बुधवारी, दोन फूट आणि नऊ सेकंद असा आकडा होता. मावशी, आज जमणार, असं भाच्याने सकाळी सहालाच जाहीर केलं.

कयाक पाण्यात घालायची जागा म्हणजे ला होया शोअर्स किनाऱ्याचं दक्षिण टोक, आव्हेनिदा दे ला प्लाया हा रस्ता जिथे वाळूला भिडतो तिथे. उत्तरेकडे लाटा चांगल्या फुटत असतात आणि इथे मात्र नरम. कारण पाण्याखाली आहे. समुद्राच्या तळाची खोल दरी इथे अगदी किनाऱ्याजवळ येते. लाट दरीवर आली की खोल पाण्यावरचा भाग पुढे पळतो, दोन्ही बाजूंचे मागे रेंगाळतात, आणि लाटेचा जोर दोहोंकडे वाटला जातो. म्हणून स्वतःची कयाक घेऊन जाणाऱ्यांनीही आपलं डोकं चालवून दुसरीकडून उतरू नये.

वाळूत पाय घासत चला, उचलून टाकू नका. स्टिंगरे नावाचे चपटे मासे वाळूत दडलेले असतात, पाय घासला की निघून जातात, वर पाय पडला तर नांगी मारतात. उन्हाळ्याच्या शेवटी इथल्याच गुडघाभर पाण्यात ठिपक्यांचे लेपर्ड शार्क गोळा होतात, चार-पाच फुटांचे. नाव ऐकून माझी बहीण फोनवर किंचाळली, पण ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. आम्ही ऑक्टोबरात गेलो, आम्हाला एकच सावली दिसली आणि तीही भाच्याला.

कयाक वरून उघडी, दोघांची. त्यात पाय अडकत नाहीत आणि आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं, त्यामुळे उलटली तरी माणूस सुटा होतो. जड माणसाने मागे बसायचं, दिशा मागचाच सांभाळतो. आमच्यात जड कोण यावर थोडी चर्चा झाली, ती इथे देत नाही. मी पुढे बसले. फुटणारी लाट समोर आली की थांबायचं नाही, नाक सरळ तिच्याकडे ठेवून जोरात वल्हवायचं. थांबलात की ती तुम्हाला आडवं करते.

तिथून गुहा साधारण दीड किलोमीटर. जाताना केल्प या समुद्री शेवाळाचं जंगल लागतं, तपकिरी पट्ट्यांचं, तळापासून वर आलेलं. दमलात तर त्याचे दोन-चार पट्टे मांडीवर ओढून घ्या, कयाक नांगर टाकल्यासारखी उभी राहते. ही युक्ती गाईडने शिकवली आणि मी पुरेपूर वापरली. खाली नारिंगी गॅरिबाल्डी मासे फिरताना दिसतात, झेंडूच्या रंगाचे. १९९५ पासून तो कॅलिफोर्नियाचा राज्य-सागरी मासा आहे, पकडायला बंदी. हा सगळा भाग मात्लाहुआयल नावाच्या राखीव क्षेत्रात येतो, तेव्हा आठवण म्हणून शिंपला किंवा गोटासुद्धा उचलायचा नाही. तेवढं एक आपल्याला जड जातं.

कड्याजवळ आलात की वास येईल. पाणकावळे, पेलिकन आणि समुद्रसिंह यांनी मिळून केलेला. पाच मिनिटांत नाक मरतं, काळजी नको. समुद्रसिंह कातळावर लोळत असतात आणि लांबून ऐकलं तर म्हातारा माणूस खाकरतोय असं वाटतं. एखादं पिल्लू कयाकजवळ येतं. ते आलं तर येऊ द्या, आपण त्यांच्याकडे जायचं नाही. १९७२ च्या कायद्याने त्यांना छेडणं गुन्हा आहे आणि नर चावतो.

गुहेत उलटं शिरायचं असतं हे मला माहीत नव्हतं. म्हणजे कयाकची मागची बाजू आत आणि आपलं तोंड समुद्राकडे, येणारी लाट दिसावी म्हणून. एका वेळी एकच कयाक. गाईड तोंडाशी थांबून बाहेर बघत होती. एक घोळका जाऊ दिला, मग म्हणाली, चला.

आत आल्यावर पहिल्यांदा बदलला तो आवाज. बाहेरचं सगळं बंद, आणि भिंतींतून गुळण्या केल्यासारखी खळखळ. मग गारवा. ओल्या रेघेच्या खाली दगड चक्क गुलाबी-जांभळा होता, वाटल्या बिटाचा हात फिरवावा तसा. तो शेवाळाचाच एक कडक प्रकार. त्याच्या वर बारीक शिंपल्यांचा धारदार थर, म्हणून भिंतीला हात लावायचा नाही, वल्ह्याने ढकलायचं. पाणी श्वास घेतल्यासारखं आम्हाला हातभर वर उचलत होतं, खाली ठेवत होतं. ऊन बाहेरच्या वाळूवर पडून पाण्यातून आत येत होतं, त्यामुळे उजेड वरून नाही, खालून. माझी वल्ह्याची पात हिरवी दिसत होती. भाचा मागून काहीतरी बोलला, ते मला कळलंच नाही. मोजून दीड मिनिट. मग गाईडची शिट्टी आणि बाहेर.

दीड मिनिटासाठी एवढं? माझ्या मते हो. पण ज्यांना फक्त गुहेचा फोटो हवा आहे त्यांना नाही परवडणार, कारण फोटो काढायला हात मोकळे नसतात. माझ्याकडे आतला एकही नाही.

परत येताना आम्ही स्वतःवर भलतेच खूश होतो आणि तिथेच घात झाला. किनारा वीस फुटांवर असताना भाचा मागे वळून न बघता गप्पा मारत होता. मागून लाट आली, कयाक आडवी झाली आणि आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात. मी उठून उभी राहिले ती नेमकी कयाक आणि वाळू यांच्यामध्ये. पुढच्या लाटेने ती अजस्र कयाक माझ्या नडगीवर आणून घातली. निळा डाग तीन आठवडे होता. तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा: पडलात तर कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहा, किनाऱ्याकडच्या नाही. आणि चष्मा दोरीने बांधा. माझा बांधलेला होता, भाच्याचा गॉगल पॅसिफिकला अर्पण झाला.

बाकी किरकोळ. सकाळची पहिली फेरी घ्या, दुपारी वारा उठतो आणि परतीचं वल्हवणं दुप्पट वाटतं. मे-जूनमध्ये बरेच दिवस दुपारपर्यंत मळभ असतं, उन्हाळ्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाणीही बरं आणि ऊनही. हिवाळ्यात वायव्येकडच्या मोठ्या लाटा येतात आणि गुहांची तोंडं उत्तरेकडे, त्यामुळे तेव्हा आत जायला मिळेलच यावर तिकिटं काढू नका. किनाऱ्यालगतच्या केलॉग पार्कचं पार्किंग फुकट आहे, म्हणूनच ते सकाळीच भरतं. सुती कपडे नकोत, ओले झाले की अंगाला गारठा चिकटून बसतो. बोट लागत असेल तर उपाशी जाऊ नका आणि भरपेटही नको. कयाक थांबून डुलते तेव्हाच मळमळतं, आमच्या गटातल्या एका धडधाकट माणसाला ते झालं, मला नाही. आणि फेरी ठरवताना 'गुहेत नेणार का' असं विचारू नका, सगळे 'समुद्राने परवानगी दिली तर' म्हणतात आणि ते खरं असतं. 'कयाक गुहेत नेता आली नाही तर दुसरा दिवस देता का' हे विचारा.

ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांच्यासाठी सनी जिम गुहा आहे. १९०२-०३ साली वरच्या दुकानातून खाली गुहेपर्यंत बोगदा खोदला, तो अजून आहे, १४५ पायऱ्यांचा. ओल्या, उंच आणि अंधाऱ्या. उघडा आहे ना ते आधी बघून घ्या. आम्ही त्याच दुपारी उतरलो. खालच्या लाकडी फळीवर उभं राहिलं की गुहेचं तोंड टोकदार नाकाच्या माणसासारखं दिसतं, एका जुन्या न्याहारीच्या पाकिटावरचं चित्र होतं म्हणे तसलं. त्या नाकाच्या टोकाशी चार पिवळ्या कयाका येऊन थांबल्या होत्या आणि गाईड त्यांना हात आडवे करून काहीतरी समजावत होता. दुपारपर्यंत लाट वाढली होती. पुढच्या कयाकमधल्या बाईचा चेहरा मला एवढ्या लांबूनही ओळखीचा वाटला. भाचा म्हणाला, मावशी, चल, अजून १४५ चढायच्यात.