मला स्वयंपाक येतो, आवडत नाही

बदली होऊन जळगावहून मालवणला आले तेव्हा बँकेतले दोन पुरुष अधिकारीही माझ्यासारखेच एकटे राहत होते. त्यांच्याकडे शेजारपाजारून आमटीची वाटी न मागता यायची. माझ्याकडे चौकशी यायची. ‘आज काय केलंस?’ मी खिचडी म्हटलं की समोरचीचा चेहरा उतरायचा. बाई असून रांधायचा कंटाळा, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. मला स्वयंपाक येतो. आईने रीतसर शिकवलाय, पुरणपोळीसुद्धा जमते. आवडत नाही, एवढंच. दिवसभर आकडे बघून आल्यावर ओट्यापाशी तासभर उभं राहायची माझी तयारी नसते.

सुरुवातीला ठरवलं होतं की आपण आपलं खानदेशीच खात राहायचं. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, भाजीची शेव असं सगळं बांधून आणलं. पावसाळा लागला आणि सगळ्याची वाट लागली. इथली हवाच ओली. पिठाला वास यायला लागला, शेव कागदासारखी मऊ पडली. बाजारात तांदूळ आणि नाचणी हवी तेवढी, पण ज्वारी शोधत हिंडावं लागायचं, आणि ती दळून आणायची म्हणजे पुन्हा खटपट. जिला मुळात चूल नको, तिने भाकरीसाठी एवढं का करावं?

मग खाणावळ धरली. मालवणी थाळी पर्यटकाला स्वर्ग वाटते आणि ते खोटंही नाही. पण वाटप, म्हणजे कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलेलं कालवण, तळलेली तुकडी, वडे हे दोन्ही वेळा जेवून बघा. खानदेशात आमचं तेल शेंगदाण्याचं, वाटण सुक्या खोबऱ्याचं. इथे ओलं खोबरं प्रत्येक गोष्टीत, अगदी भाजीवरसुद्धा. चव वाईट नव्हती, पोट तयार नव्हतं. शिवाय दिवाळीनंतर आणि मे महिन्यात गर्दी इतकी की रोजच्या गिऱ्हाइकाला कोपऱ्यात बसून वाट बघावी लागे.

घरात करायचं तर सगळ्या जणी एकच सांगायच्या: नारळ खवायचा, कांदा-खोबरं भाजायचं, वाटप करायचं. ऐकूनच मी खिचडीकडे वळायचे.

सुटका झाली ती घरमालकीण काकींमुळे, तीही त्यांनी काही शिकवल्यामुळे नाही. एका सुट्टीच्या दिवशी दहाच्या सुमाराला भाडं द्यायला गेले तर त्या जेवत होत्या. ताटात पेज, भाजलेला खारा बांगडा आणि आंब्याचं लोणचं. मी बघतच राहिले. त्या हसून म्हणाल्या, ‘हाटेलात गावता ता आमी घरात रोज खातंव, असा वाटला काय गो तुका?’

मला तसंच वाटत होतं. पाहुण्यांना वाढायचं जेवण आणि रोजचं जेवण यांत कोकणात केवढं अंतर आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे रोजचं जेवण शेतावर, पाण्यावर राबणाऱ्या माणसांचं आहे. ओट्यापाशी वेळ घालवणं त्यांनाही परवडणारं नव्हतं.

पेजेला उकडा तांदूळ लागतो. भात सालीसकट उकडून, वाळवून मग कांडलेला, त्यामुळे शिजायला साध्या तांदळापेक्षा जास्त वेळ घेतो. मी तो रात्री भिजत घालते आणि सकाळी भरपूर पाणी घालून कुकरला लावते. आंघोळ होईपर्यंत पेज तयार. वर मीठ. काकींना कुकरची पेज मान्य नाही, त्यांच्या मते ती टोपातच रटरटायला हवी. असेल. मला साडेनऊला निघायचं असतं.

रात्रीसाठी कुळथाची पिठी. कुळीथ भाजून, भरडून, साल काढून दळलेलं पीठ तयार मिळतं. तेलात लसूण ठेचून टाकायचा, हिरवी मिरची, हळद, पाणी, दोन-तीन आमसुलं, आणि पाण्यात कालवलेलं पीठ. पीठ पडल्यावर ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. एक उकळी दाटसर आली की झालं. गरम भातावर घ्यायची. मला विचाराल तर तुरीच्या वरणापेक्षा सरस, पण हे जळगावात बोलायची सोय नाही.

सोलकढीचंही तसंच. नारळाचं दूध काढायचा कंटाळा असेल तर फुटी कढी करायची, म्हणजे आगळात, कोकमाच्या दाट रसात, पाणी, ठेचलेली मिरची-लसूण आणि कोथिंबीर. नारळच नाही.

माशाचं मला भय होतं, कापण्याचं आणि वासाचं. बाजारातल्या बायका थोडे जादा पैसे घेऊन साफ करून देतात, हे कळल्यावर निम्मं भय गेलं. उरलेलं तिखल्याने घालवलं. बांगड्याचे तुकडे, लाल तिखट, हळद, मीठ, आमसुलं, थोडं तेल, बेताचं पाणी आणि जराशी ठेचलेली तिरफळं. तिरफळातली काळी बी काढून टाकायची, नुसती सालं घ्यायची. सगळं एकदम टोपात घालून चुलीवर. वाटप नाही, फोडणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणजे एक दिवस सुट्टी!

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, त्यात समुद्रही खवळलेला. त्यासाठी इथली घरं मे महिन्यातच आगोटीची खरेदी करतात: सुकट, जवळा, खारे बांगडे, आमसुलं, लोणचं. आता मीही करते. जवळा कोरडा भाजून कांद्यावर परतला की जेवणाचं काम भागतं. घरात वास मात्र दोन दिवस राहतो, त्याला इलाज नाही. पावसाळ्यात टाकळा आणि फोडशी या रानभाज्या विकायला येतात, पण फोडशी निवडायला फार वेळ जातो. टाकळा घेते.

श्रावणात माझं जरा अडतं. सुकटही बंद, काळ्या वाटाण्याची उसळ वाटपाशिवाय उसळ वाटत नाही. तेव्हा पिठी दोन्ही वेळा चालते. मग गणपती येतात आणि आमंत्रणंच इतकी असतात की घरी गॅस पेटवायची वेळ येत नाही.

काकी अजून अधूनमधून विचारतात, ‘वडे कधी शिकतलंस?’ कोंबडी-वडे मी घरी केलेले नाहीत आणि करणार नाही. कोपऱ्यावरच्या खाणावळीत उत्तम मिळतात.