अंबाझरीत जलपर्णी काढायची, तर आधी काठाची माणसं मोजा

"नागनदी बोटीनं साफ करू" असं म्हणत दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पुढे येतं. उत्साहाला तोटा नसतो, पण नागपूर शहरातल्या नागनदीत पावसाळा सोडला तर बोट तरंगेल एवढं पाणीच नसतं. जे वाहतं त्यातलं बरंचसं गडरलाइनचं, म्हणजे सांडपाणी. तिथला गाळ महापालिका पावसाळ्यापूर्वी पोकलेन लावून काढते, आणि ते तिनंच काढावं. गाळ ढवळला की सडक्या अंड्यांसारख्या वासाचा वायू सुटतो, मास्क लावून त्यापासून बचाव होत नाही. बोटीचं काम आहे ते वरच्या अंगाला, नागनदीच्याच वाटेवरच्या अंबाझरी तलावात. तिथला शत्रू म्हणजे जलपर्णी.

बोट भाड्यानं घेण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. दाट वाढलेल्या जलपर्णीचं ओलं वजन एका चौरस मीटरला २० ते ४० किलो भरतं. दहा बाय दहा मीटरचा तुकडा म्हणजे दोन ते चार टन! साधारण ४०० किलो पेलणाऱ्या फायबरच्या बोटीत तीन माणसं बसली की उरतात जेमतेम २०० किलो, म्हणजे एका खेपेला पाच-दहा चौरस मीटर. म्हणून जलपर्णी बोटीत भरायचीच नाही, ओढत काठाला आणायची. आणि ओढून आणलेलं वर काढणारे हात कमी पडले, तर बोट काठाशी रिकामी उभी राहते. बोटीत तीन, तर काठावर किमान दहा-बारा जण लागतात. फोटो बोटीतल्यांचे निघतात, काम मात्र काठावरच्यांच्या वेगानं पुढे सरकतं.

थर ओढायला तरंगता दोर लागतो. झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या जाळीच्या नळीत भरा आणि ती नळी दोराला बांधत जा. दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि खालच्या मुळांत गुरफटतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूनं थराला अर्धगोल वेढा घाला, दोन्ही टोकं काठाकडे द्या आणि हळूहळू ओढा. घाई केली की झाडं दोराखालून सटकतात. वारा ज्या काठाकडे वाहतोय तोच काठ निवडायचा, अर्धी मेहनत तोच करतो.

कोयता-विळा मात्र बोटीत नको. जलपर्णी तुकड्यांतून पुन्हा फुटते, शिवाय तिचं बी तळाच्या गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. बांबूच्या टोकाला चार दातांचा आकडा बसवून झाड मुळासकट उचलायचं, तेही फुलं यायच्या आत. अनुकूल हवेत तिला दुप्पट व्हायला दोनेक आठवडे पुरतात. सोळावा हिस्सा कोपऱ्यात मागे राहिला, तर चार दुपटींत, म्हणजे दोनेक महिन्यांत, तलाव पुन्हा हिरवागार. म्हणून सुरुवातीच्या मोठ्या श्रमदानापेक्षा दर पंधरवड्याची छोटी फेरी जास्त मोलाची.

मोटर लावू नका. मुळं पंख्याला गुंडाळतात, थंड पाणी आत घेणारी जाळी तुंबते आणि इंजिन तापून बंद पडतं. उथळात लांब बांबू, खोलात वल्ही.

थराखाली निर्माल्याची पोतीही सापडतात. देवांच्या तसबिरींची फुटकी काच पिशवीतून हाताला लागते, म्हणून हातमोजे जाड नायट्राइलचे हवेत. प्लास्टरची मूर्ती अडकलेली दिसली तर कडेवरून वर खेचू नका, तिघं एकाच बाजूला वाकले की बोट कलंडते. दोर बांधून काठावरून ओढून घ्या. जाळं दिसलं तर ते टाकलेलं आहे की लावलेलं, हे आधी तिथं मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा. महापालिकेच्या परवानगीइतकंच त्यांच्याशी बोलणं गरजेचं आहे, वारा कधी फिरतो हेही तेच अचूक सांगतात.

लाइफ जाकीट पट्टे घट्ट आवळून घाला. बोटीत गमबूट नकोत, त्यांत पाणी भरलं की पोहता येत नाही. जुने कॅनव्हासचे बूट बरे. हातावर जखम असलेल्यानं काठावरच थांबावं, उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाचा धोका खरा आहे. सकाळी सहाला सुरू करून नऊला आटपा, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर बोट काढूच नका. पावसाळ्यात सांडव्याच्या बाजूला जायचंच नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला तेव्हा खालच्या वस्त्यांत काय झालं, ते नागपूरकरांना सांगायला नको.

काढलेला ढीग पाण्यापासून दहा मीटर तरी मागे, शक्यतो उताराच्या उलट बाजूला लावा. ऐन काठावर ठेवला तर पहिल्या सरीत परत तलावात. झाडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे उन्हात पातळ पसरून चार-पाच दिवस वाळवल्यावर ट्रॅक्टरच्या खेपा बऱ्याच वाचतात. प्लास्टिक वेगळं काढल्याशिवाय खताला देऊ नका. आणि गडरलाइनच्या पाण्यात वाढलेली जलपर्णी जड धातू शोषते, म्हणून ते खत भाजीपाल्याला नको, झाडांच्या रोपवाटिकेला चालेल.

तीच बोट पुढे फुटाळा तलावावर न्यायची असेल तर तळ, वल्ह्यांच्या खाचा आणि दोराचे पीळ उलगडून धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. करंगळीएवढं एक रोपटं चिकटून गेलं तरी तिकडची लागण सुरू होते.