२८बी११: नोव्हा स्कोशियातला तेरा तासांचा पाठलाग आणि न वाजलेला भोंगा

कॅनडात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या वर्षातच एक दचका बसतो. मे किंवा नोव्हेंबरमधला एखादा बुधवार असतो आणि ऑफिसातले, बसमधले, दुकानातले सगळे फोन एकदम किंचाळतात. आठ सेकंदांचा भोंगा, आणि पडद्यावर मजकूर: ही चाचणी आहे, काही करायची गरज नाही. या यंत्रणेचं नाव ‘ॲलर्ट रेडी’. एप्रिल २०१८ पासून मोबाईल कंपन्यांना हे संदेश पोचवणं बंधनकारक आहे, आणि ग्राहकाला ते बंद करता येत नाहीत.

पूर्वेच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात या भोंग्याचा विषय निघाला की बोलणं हटकून एप्रिल २०२० वर येतं. १८ एप्रिलच्या रात्री आणि १९ एप्रिलच्या सकाळी एका माणसाने तिथे बावीस जणांना मारलं. त्यातली एक बाई गरोदर होती, एक पोलीस होती. पोलीस तेरा तास त्याच्या मागावर होते, आणि त्या तेरा तासांत हा भोंगा एकदाही वाजला नाही. पुढे पोलिसांच्या वागण्यावर जो वाद पेटला त्याचं मूळ इथे आहे. पाठलागात पोलिसांनी गोळ्या का झाडल्या यावर सहसा भांडण होतं. इथलं मुख्य भांडण त्यांनी तोंड का उघडलं नाही यावर आहे.

आधी तिथली पोलीस व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी. लाल डगला आणि घोडा ही आरसीएमपीची, म्हणजे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या केंद्रीय दलाची, पोस्टकार्डावरची ओळख. प्रत्यक्षात ओंटारियो आणि क्वेबेक सोडले तर बहुतेक प्रांतांत, शहरांबाहेरच्या गावांत, साधा गस्तीचा पोलीसही याच केंद्रीय दलाचा असतो. प्रांत त्यांना करारावर ठेवतो. नोव्हा स्कोशियात खर्चाचे ७० टक्के प्रांत देतो, ३० टक्के केंद्र, आणि करार २०३२ पर्यंतचा आहे. हॅलिफॅक्स किंवा ट्रुरोसारख्या शहरांचे पोलीस वेगळे. म्हणजे मारेकरी एका तासात दोन-तीन पोलीस दलांच्या हद्दी ओलांडतो, आणि कोणी कोणाला नेमकं काय कळवलं हा प्रश्न नंतर चौकशीत उभा राहतो.

पोर्टापीक हे समुद्रालगतचं शंभरेक वस्तीचं गाव. रात्री १०.०१ ला ९११ या आपत्कालीन क्रमांकावर पहिला फोन आला. फोन करणाऱ्या बाईने सांगितलं की हल्लेखोराची गाडी पोलिसांच्या गाडीसारखी आहे, आरसीएमपीचं नाव वगैरे सगळं लावलेली. त्यानंतर फोन करणाऱ्यांनीही तेच सांगितलं. पोलीस अधिकाऱ्यांच्या डोक्यात मात्र वेगळंच चित्र बसलं: लिलावात विकली गेलेली जुनी पोलीस गाडी असणार, पट्टे काढलेली. अशा गाड्या गावोगाव दिसतात. खरं तर ती हुबेहूब नक्कल होती. सरकारी लिलावातून घेतलेली २०१७ ची फोर्ड टॉरस, वर दिव्यांची पट्टी, अंगावर छापून घेतलेले पट्टे आणि बोधचिन्ह, मागच्या खिडकीजवळ गाडीचा क्रमांक: २८बी११. खऱ्या गाड्यांपेक्षा सहज दिसणारा फरक एवढाच, की हिच्या पुढे काळा लोखंडी गार्ड होता.

पहिले पोलीस २५ मिनिटांत पोचले. घरं जळत होती, रस्त्यात मृतदेह होते, रस्त्यावर दिवे नव्हते. तिघे जण बंदुका घेऊन पायी आत गेले. त्या तिघांच्या धाडसाबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण दुसरी तुकडी आत पाठवली नाही, कारण पायी गेलेले पोलीस नेमके कुठे आहेत हे मागच्यांना दिसत नव्हतं. वायरलेस संचावर ठिकाण कळण्याची सोय नव्हती, आणि अंधारात आपल्याच माणसावर गोळी जाण्याची भीती होती. गावातून बाहेर पडायचा मुख्य रस्ता अडवला होता. ब्लूबेरीच्या शेताकडेने जाणारी एक कच्ची वाट मात्र उघडी राहिली. ती स्थानिक लोकांना ठाऊक होती, अधिकाऱ्यांच्या नकाशावर ठळक नव्हती. पावणेअकराच्या सुमारास तो त्या वाटेने निसटला. पुढे कित्येक तास पोलीस गावालाच वेढा घालून बसले होते. तो आतच आहे किंवा त्याने जीव दिला असेल, असा त्यांचा समज होता.

११.३२ ला आरसीएमपीने एक ट्विट केलं: पोर्टापीक भागात बंदुकीसंबंधी तक्रार आहे, घरात राहा, दारं लावा. तेरा खून झालेले असताना ‘तक्रार’! शिवाय मध्यरात्री ट्विटर उघडून बसणारे शेतकरी आणि पेन्शनर त्या भागात किती असणार?

मला वाटतं सगळ्यात जास्त अडकावं ते सकाळच्या वेळापत्रकात. साडेसातच्या सुमारास हल्लेखोराची जोडीदार, जी रात्रभर जंगलात लपून वाचली होती, तिच्या नातेवाइकांकडून त्या नकली गाडीचा फोटो पोलिसांच्या हाती आला. आता शंकेला जागा नव्हती. आठला ट्विट आलं की गोळीबार करणारा मोकळा आहे. ८.५४ ला त्याचं नाव आणि फोटो आला. गाडीबद्दल मात्र चकार शब्द नाही. पावणेनऊच्या सुमारास हायडी स्टीव्हन्सन या कॉन्स्टेबलने वायरलेसवरून विचारलं, की या गाडीबद्दल लोकांना सांगायचा विचार झाला आहे का. गस्तीवरच्या पोलिसाला जे सुचत होतं ते वरिष्ठांमध्ये फिरतच राहिलं. ट्विटच्या मसुद्याला दहाच्या आधीच एक मंजुरी मिळाली होती, पण तो दुसऱ्या मंजुरीसाठी थांबला आणि १०.१७ ला बाहेर पडला. त्या वाट पाहण्याच्या काळातच डेबर्टजवळच्या रस्त्यावर दोन बायका आपापल्या गाड्यांत मारल्या गेल्या. पोलीस गाडी आली असं वाटलं तर माणूस थांबतो, पळत नाही.

पावणेअकराच्या सुमारास शुबेनाकॅडीजवळ एक कॉन्स्टेबल स्टीव्हन्सन यांची वाट पाहत उभा होता. समोरून आरसीएमपीची गाडी येताना दिसली. स्टीव्हन्सनच आल्या असं समजून तो थांबला, आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो जखमी होऊन निसटला. काही मिनिटांनी स्टीव्हन्सन यांची गाडी त्या नकली गाडीवर आदळली आणि त्या मारल्या गेल्या. गाडीबद्दल लोकांना सांगा असं म्हणून त्यांना दोन तास झाले होते.

ॲलर्टचं काय? तेव्हा नोव्हा स्कोशियात बटण प्रांताच्या आपत्कालीन कार्यालयाच्या हाती होतं, पोलिसांच्या नाही. गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणावी) त्याच कार्यालयाने १० एप्रिलला, ईस्टरच्या सुट्टीत लोकांनी कोरोनामुळे घरी थांबावं म्हणून, हाच भोंगा वाजवला होता. यंत्रणा आठवडाभरापूर्वीच वापरून झालेली होती. १९ तारखेला सव्वादहाच्या सुमारास त्या कार्यालयातूनच पोलिसांना फोन गेला, की ॲलर्ट पाठवायचा का. मसुदा तयार होत होता तेव्हा ११.२६ ला एनफिल्डच्या पेट्रोल पंपावर खेळ संपला. तोही पाठलागाच्या जोरावर नव्हे. पोलीस आपल्या गाडीत तेल भरायला थांबले होते, शेजारच्या पंपावर चोरलेल्या गाडीत तो बसलेला दिसला, आणि एकाने त्याला ओळखलं.

पोलिसांचं म्हणणं होतं की ॲलर्ट दिला असता तर लोक बिथरले असते, ९११ च्या लाईनी तुंबल्या असत्या, आणि रस्त्यावरच्या खऱ्या पोलिसांवरच कोणी बंदूक रोखली असती. शेवटचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. ग्रामीण नोव्हा स्कोशियात शिकारीच्या बंदुका घरोघरी असतात. पण ‘लोक बिथरतील’ हा युक्तिवाद नंतर नेमलेल्या सार्वजनिक चौकशी आयोगाने सरळ भ्रम ठरवला. धोक्याची नेमकी माहिती मिळाली की लोक बहुधा शहाण्यासारखं वागतात. माहिती मिळाली नाही की तर्क लढवतात, आणि त्या सकाळी लोक फेसबुकवर तेच करत होते.

नकली गाडीने पोलिसांनाही किती गोंधळात टाकलं होतं ते ऑन्स्लो इथल्या अग्निशमन केंद्रावर दिसलं. घर सोडून आलेल्या लोकांसाठी तिथे निवारा होता आणि राखणीला एक खरा पोलीस, खरी गाडी. १०.२१ ला दोन कॉन्स्टेबल तिथून जात होते. त्यांना आरसीएमपीची गाडी आणि शेजारी चमकदार जॅकेट घातलेला माणूस दिसला. वायरलेसवर खात्री करून घ्यायचा प्रयत्न केला, पण चॅनेल व्यग्र होता. त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. तो माणूस आपत्कालीन सेवेचा स्थानिक समन्वयक निघाला. सुदैवाने गोळी कोणाला लागली नाही. केंद्राचं दार आणि आतला बंब मात्र फुटले. गोळीबार तपासणाऱ्या ‘सर्ट’ या स्वतंत्र संस्थेने २०२१ मध्ये दोघांवर गुन्हा दाखल करायला नकार दिला. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण आतमध्ये लपलेल्या स्वयंसेवकांना त्याने समाधान मिळालं नाही, आणि मिळायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

चौकशी सहज मिळाली नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र आणि प्रांताने मिळून एका ‘स्वतंत्र आढाव्याची’ घोषणा केली, ज्यात साक्षीदारांना बोलावण्याची सक्ती नव्हती. प्रांताचे तेव्हाचे न्यायमंत्री मार्क फ्यूरी स्वतः आरसीएमपीचे निवृत्त अधिकारी, त्यामुळे लोकांचा संशय आणखी वाढला. मृतांचे नातेवाईक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच सरकारला पूर्ण सार्वजनिक चौकशी जाहीर करावी लागली. सुनावणीतही खटके उडाले. काही वरिष्ठ पोलिसांना मानसिक त्रास होऊ नये म्हणून उलटतपासणीत सवलती दिल्या, तेव्हा २०२२ च्या मे महिन्यात अनेक कुटुंबांच्या वकिलांनी कामकाजावर बहिष्कार घातला.

मध्येच एक राजकीय वादळही आलं. आरसीएमपीच्या तेव्हाच्या प्रमुख ब्रेंडा लकी यांनी हत्याकांडानंतर दहा दिवसांनी फोनवरून हाताखालच्या अधिकाऱ्यांवर दबाव आणला, बंदूक कायद्याला हातभार लागावा म्हणून हत्यारांचे तपशील जाहीर करायला सांगितलं, असा आरोप झाला. आयोगाचा निष्कर्ष: बोलणं अवेळी आणि वाईट शब्दांत झालं, पण तो राजकीय हस्तक्षेपाचा प्रयत्न नव्हता. राजधानी ओटावात यावर महिनोन्महिने धुरळा उडाला. पोर्टापीकच्या लोकांच्या प्रश्नांशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

अहवाल ३० मार्च २०२३ ला आला: सात खंड, १३० शिफारशी. हल्लेखोराचं नाव प्रसिद्धीला खतपाणी नको म्हणून आयोगाने शक्यतो टाळलं. त्यात जुन्या गोष्टीही निघाल्या. २०११ मध्ये ट्रुरो पोलिसांना खबर मिळाली होती की या माणसाकडे बंदुका आहेत आणि त्याला पोलिसाला मारायचं आहे. २०१३ मध्ये शेजारच्या बाईने त्याच्या घरातल्या मारहाणीची तक्रार केली होती. त्याच्याकडे बंदुकीचा परवाना कधीच नव्हता, आणि बहुतेक हत्यारं अमेरिकेतून चोरून आणलेली होती. अहवाल आला त्या दिवशी आरसीएमपीचे हंगामी प्रमुख पत्रकारांसमोर आले आणि शिफारशी वाचायला वेळ मिळाला नाही असं म्हणाले.

बदल झाले, पण सगळे सारख्या वेगाने नाहीत. २०२१ पासून नोव्हा स्कोशियात आरसीएमपी आणि हॅलिफॅक्स पोलीस स्वतः ॲलर्ट पाठवू शकतात. जुन्या पोलीस गाड्यांची विक्री आरसीएमपीने थांबवली, आणि पोलिसांचा पोशाख व सामान खासगी व्यक्तींनी बाळगण्यावर प्रांताने कायदा केला. सप्टेंबर २०२२ मध्ये सॅस्कॅचवान प्रांतातल्या जेम्स स्मिथ क्री नेशनमध्ये चाकूहल्ल्यांत अकरा जण मारले गेले, तेव्हा पहिला फोन पहाटे ५.४० ला आला आणि ॲलर्ट ७.१२ ला वाजला. तो दीड तासही जास्तच, असं म्हणणारे लोक आहेत. रेजायना शहरातलं आरसीएमपीचं २६ आठवड्यांचं पोलीस प्रशिक्षण हळूहळू बंद करून तीन वर्षांची पदवी आणा, ही शिफारस मात्र तशीच पडून आहे.

नातेवाईक किंवा मुलं कॅनडात असतील त्यांनी दोन-तीन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. ॲलर्ट एसएमएस नसतो. त्या भागातल्या टॉवरवरून तो सगळ्या फोनना एकदम जातो, त्यामुळे कुठे नाव नोंदवावं लागत नाही आणि तुमचं ठिकाणही कोणाला कळत नाही. पण फोन बंद, विमान मोडवर किंवा नुसत्या वायफायवर असेल तर तो येत नाही, आणि नोव्हा स्कोशियाच्या आतल्या रस्त्यांवर सिग्नल नसलेले पट्टे बरेच आहेत. अशा वेळी गाडीतला रेडिओ चालू ठेवावा. संदेश तिथेही येतो. आणि रात्री निर्जन रस्त्यावर मागून पोलीस गाडीचे दिवे लागले व खात्री वाटत नसेल, तर वेग कमी करून गाडीचे चारही इंडिकेटर लावावेत, उजेडाच्या जागेपर्यंत सावकाश जावं आणि ९११ ला फोन करून विचारावं, की या रस्त्यावर तुमचा कोणी पोलीस आत्ता गाडी थांबवतो आहे का.