टॉपला हलायला जागा ठेवा

आजचा सगळा दिवस एका साइड टेबलच्या टॉपमध्ये गेला. सागवानी, ४५ सेंटिमीटर रुंद, तीन फळ्या जोडून केलेला. ऑर्डर देताना सगळे रंग आणि पायांचा आकार सांगतात, पण खरी मेख टॉप पायांच्या चौकटीवर कसा बसवायचा यात असते.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र एवढ्या टॉपला दोन-तीन मिलिमीटर सहज. चारही बाजूंनी स्क्रू घट्ट आवळले की त्याला हलायला जागा उरत नाही, आणि मग लाकडाच्या रेषेच्या कडेने चीर जाते. बहुतेक वेळा ती जोडाजवळ, टोकापासून सुरू होते. म्हणून मधला स्क्रू घट्ट, बाकीच्यांची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट, वॉशर लावून. फेविकॉल फक्त फळ्यांच्या जोडात; टॉप आणि चौकटीच्या मध्ये थेंबही नको!

दुसरं, पॉलिश खालूनही तितकेच हात. वरून तीन आणि खालून शून्य असेल तर ओल एकाच बाजूने आत-बाहेर होते आणि टॉप वाटीसारखा वाकतो. खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून सोडून देतात, ते बघून फार वाईट वाटतं.

मागवणाऱ्यांनो, आधी सोफ्याच्या हाताची उंची मोजा. टेबल त्याच्या बरोबरीने किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली हवं. आणि लाकडातली ओल मीटर लावून दाखवायला सांगा. १२ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, घाई करू नका.