आज आला का गं तो?

आज सकाळी नागपूरला पोचलो पण जीव अजून कोकणात, हर्णैच्या किनाऱ्यावरच आहे. मावशीच्या घरामागच्या दगडी कुंपणावर रोज सकाळी एक कुरव (सीगल) येतो, एक पाय जरा वाकडा, थंडीतलं पांढरं डोकं अन् डोळ्यामागे काळा ठिपका (उन्हाळ्याआधी हेच डोकं तपकिरी व्हायला लागतं), मावशी त्याला मांदेलीची डोकी टाकते, फरसाण किंवा पाव कध्धीच नाही. पाचव्या दिवशी त्यानं माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावरून मासा उचलला नं बाप्पा, लालसर चोच, टोकाला काळी, मी श्वासच रोखून धरला होता! मार्च-एप्रिलपर्यंत हे सगळे कुरव उत्तरेकडे निघून जातील. आत्ताच मावशीला फोन केला. आला होता म्हणे, बराच वेळ बसून होता.