देवाच्या राज्याची वाट पाहणारा उतार : जेरुसलेमचा वृत्तांत

जेरुसलेमला पहिल्यांदा जाणाऱ्याने थेट जुन्या शहरात शिरू नये. आधी जैतुनाचा डोंगर गाठावा. शहराच्या पूर्वेला, किद्रोनच्या दरीपलीकडे, समुद्रसपाटीपासून ८०० मीटरहून थोडा उंच असा हा डोंगर आहे. वर पोहोचलं की तटबंदी, सोनेरी घुमट आणि चर्चचे मनोरे एका नजरेत येतात. मात्र मी हे सांगतोय ते दृश्यासाठी नाही. देवाचं राज्य कुठे आहे, कुठून येणार, केव्हा येणार, या प्रश्नांवर ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनी दिलेली उत्तरं या एकाच उतारावर एकमेकांना खेटून उभी आहेत. वरून खाली चालत आलं की ती नीट उलगडतात.

दमास्कस गेटजवळच्या बसस्थानकावरून वर जाणारी बस मिळते. चढ पायी चढण्यात शक्ती घालवू नका, कारण उतरणीचा रस्ता चांगलाच तीव्र आहे आणि त्याचे दगड गुळगुळीत झालेले आहेत. पकड असलेले बूट हवेतच. सकाळी लवकर निघा. तेव्हा सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोरचं शहर उजळलेलं दिसतं. दुपारनंतर तेच दृश्य डोळे दिपवतं.

सुरुवात होते ती कबरींपासून. डोंगराच्या या उताराचा मोठा भाग ज्यू कबरस्तानाने व्यापला आहे. सुमारे दीड लाख कबरी, आणि दफनाची परंपरा जवळजवळ ३,००० वर्षांची. बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात म्हटलंय की त्या दिवशी परमेश्वराचे पाय जैतुनाच्या डोंगरावर टेकतील. म्हणून मृतांचं उठणं इथूनच सुरू होईल अशी श्रद्धा आहे. मृताचे पाय ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या जागेकडे करून त्याला पुरतात, म्हणजे उठून उभं राहिल्यावर तोंड थेट तिकडेच. कबरींवर फुलं दिसत नाहीत, लहान लहान दगड दिसतात. एक म्हातारे गृहस्थ वाटेतला खडा उचलून, कोटाच्या बाहीला पुसून, एका कबरीवर आधीच्या खड्यांशेजारी ठेवत होते. तो नीट बसेना म्हणून त्यांनी पुन्हा उचलला, दुसरी बाजू खाली करून ठेवला, आणि मग पुढच्या कबरीकडे गेले. त्यांना कसलीही घाई नव्हती.

आता समोर पाहा. तटबंदीच्या पूर्व अंगाला दोन कमानींचा एक दरवाजा आहे, दगडांनी पूर्ण बुजवलेला. हा गोल्डन गेट. हिब्रूत आणि अरबीतही त्याला दयेचा दरवाजा म्हणतात. मसीहा, म्हणजे ज्याची वाट पाहायची तो तारणहार, इथूनच शहरात येईल असं ज्यू परंपरा सांगते. येशू पाम संडेला, म्हणजे क्रूसावर जाण्याआधीच्या रविवारी, पूर्वेकडूनच शहरात आला, असं ख्रिस्ती मानतात. कुराणाच्या ५७व्या सूरेत एका भिंतीचा उल्लेख येतो, तिला दरवाजा आहे, आत दया आणि बाहेर यातना. मुस्लिम परंपरेने ती भिंत या पूर्व तटाशी जोडली. दरवाजाच्या पायथ्याशी मुस्लिम कबरस्तान आहे. म्हणजे दरीच्या एका काठावर ज्यू मृत आणि दुसऱ्या काठावर मुसलमान मृत, दोघेही त्या एका बंद दरवाजाच्या आसपास न्यायाच्या दिवसाची वाट पाहत पडलेले. आज दिसणारी तटबंदी सुलतान सुलेमानने १५३७ ते १५४१ या काळात बांधून घेतली. सात दरवाजे उघडे आहेत, पण तिघांनाही ज्याच्याविषयी सर्वाधिक आस आहे तोच बंद आहे.

माथ्यावर स्वर्गारोहणाचं छोटंसं अष्टकोनी प्रार्थनागृह आहे. येशू इथून वर गेला असं मानतात. आत जमिनीत बसवलेल्या दगडावर पावलाचा ठसा दाखवतात. सलाहुद्दीनने ११८७ मध्ये शहर जिंकल्यानंतर ही वास्तू मुसलमानांच्या ताब्यात गेली आणि आजही तशीच आहे. यात मला विसंगती वाटली नाही, कारण अल्लाहने ईसाला, म्हणजे येशूला, वर उचलून घेतलं असं कुराणही सांगतं. प्रवेशासाठी थोडे रोख शेकेल, म्हणजे इथलं चलन, जवळ ठेवा.

या जागेवर थोडा वेळ बसावं असं मी आग्रहाने सांगेन. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिष्य येशूला शेवटचा प्रश्न विचारतात तो राज्याचाच: आपण आत्ताच इस्राएलचं राज्य परत स्थापणार का? उत्तर मिळतं, काळ आणि वेळ जाणणं हे तुमचं काम नव्हे. आणि तो दिसेनासा होतो. हे उत्तर लक्षात ठेवून खाली उतरा, कारण पुढे जुन्या शहरात राज्याविषयीच्याच एका विनंतीला अगदी वेगळं उत्तर मिळालेलं आहे.

जवळच पातेर नोस्तेर चर्च आहे. तिथे प्रभूची प्रार्थना शंभराहून अधिक भाषांत फरश्यांवर लिहून भिंतींवर लावली आहे. ‘तुझे राज्य येवो’ हे शब्द इतक्या लिप्यांत एकत्र पाहणं हाच तिथला अनुभव. रविवारी ते बंद असतं. खाली उतरताना दोमिनुस फ्लेवित हे १९५५ मध्ये बांधलेलं, अश्रूच्या आकाराचं चर्च लागतं. त्याची खिडकी शहराकडे उघडते. आणखी खाली गेथशेमाने, अटकेच्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग. तिथल्या जैतुनाच्या तीन झाडांचं शास्त्रीय वय तपासलं तेव्हा ती बाराव्या शतकातली निघाली. म्हणजे येशूच्या रात्रीची साक्षीदार नाहीत, तरी ८०० वर्षं उभी आहेत. उतारावरची बहुतेक चर्चेस दुपारी दोनेक तास बंद असतात, तेव्हा बारा वाजण्याच्या आत गेथशेमानेपर्यंत पोहोचायचा बेत करा.

जुनं शहर जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. हराम अल-शरीफ, म्हणजे ज्यूंचा टेंपल माउंट, सोनेरी घुमट उभा आहे ते उंच पटांगण, बघायचा असेल तर त्याचा दिवस आधी ठरवा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. मुस्लिमेतरांना फक्त मुग्राबी दरवाजातून, रविवार ते गुरुवार, सकाळी आणि दुपारी थोडा वेळ आत सोडतात. सणावारी आणि तणावाच्या दिवसांत तेही बंद होतं. पासपोर्ट जवळ हवा, हातपाय झाकणारे कपडे हवेत. दुसऱ्या धर्माचे ग्रंथ किंवा पूजेच्या वस्तू बरोबर नेऊ नका, आणि तिथे प्रार्थना करू नका, मनातल्या मनात ओठ हलवूनसुद्धा नाही. रांग लवकर लांबते.

सोनेरी घुमटाच्या डोम ऑफ द रॉकमध्ये मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. पण आत काय आहे ते माहीत असलं तर बाहेरून पाहण्यालाही अर्थ येतो. इ.स. ६९१-९२ च्या या इमारतीत आतल्या कमानींवर जो लेख फिरतो, त्याच्या सुरुवातीलाच आहे: अल्लाहशिवाय ईश्वर नाही, त्याला भागीदार नाही, राज्य त्याचं आणि स्तुतीही त्याचीच. इथे राज्य यायचं बाकी नाही. ते आहेच, कायमचं आहे, माणसाने फक्त ते मान्य करायचं. डोंगरावर सगळं भविष्यकाळात बोललं जातं, आणि इथे खडकावर वर्तमानकाळात.

वेस्टर्न वॉल, म्हणजे याच पटांगणाची ज्यूंना पवित्र असलेली पश्चिम भिंत, मात्र चोवीस तास उघडी आणि विनाशुल्क आहे. स्त्रिया-पुरुषांचे भाग वेगळे, पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथेच मिळते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, फोटो काढू नका, मोबाइल खिशातच असू द्या. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी जा. ‘ऐक, हे इस्राएला’ हे वचन म्हणताना लोक उजव्या हाताने डोळे झाकतात. माझ्या शेजारी एका बापाने एका हाताने स्वतःचे डोळे झाकले होते आणि दुसरा तळवा पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर ठेवला होता. मुलगा बोटांच्या फटीतून बघत होता, पण शब्द मात्र बरोबर म्हणत होता. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात या पठणाला स्वर्गाच्या राज्याचं जू खांद्यावर घेणं म्हटलंय. मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं, पण हे जू घ्यायला मंदिर लागत नाही. सकाळी एकदा, रात्री एकदा, माणूस असेल तिथे.

येशूचा क्रूस आणि कबर जिथे होती असं मानतात त्या होली सेपल्कर चर्चला पहाटे दार उघडताच जा. दिवसा कबरीसमोरची रांग तासन्‌तास चालते. सहा पंथ ही वास्तू १८५२च्या ‘स्टेटस को’ (जैसे थे) नियमांप्रमाणे वाटून वापरतात आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्याकडे आहे. हे सगळं रंजक आहे, पण त्यात अडकू नका. आत शिरल्यावर उजवीकडच्या उंच पायऱ्या चढून गुलगुथा, म्हणजे क्रूसाची जागा, गाठा. येशूबरोबर क्रूसावर दिलेला गुन्हेगार त्याला म्हणाला, तू तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. त्याला उत्तर मिळालं: आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. डोंगरावर जवळच्या शिष्यांनी ‘केव्हा’ विचारलं, त्यांना ते जाणणं तुमचं काम नव्हे असं सांगितलं गेलं. इथे एका मरणाऱ्याने फक्त आठवण मागितली, आणि त्याला ‘आज’ मिळालं. माझ्या लेखी या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं अंतर या दोन जागांमधलं आहे. आणि परूशी या ज्यू पंथाच्या लोकांना येशूने देवाचं राज्य तुमच्यामध्येच आहे असं सांगितलं, ते लूकच्या वृत्तान्तात जेरुसलेममध्ये घडतच नाही. तो तेव्हा इकडे यायला निघालेला, वाटेत होता.

भारतीयांनी एक जागा चुकवू नये. हेरोद गेटच्या आत, थोडं चढून, ‘झाविया अल-हिंदिया’ आहे, म्हणजे भारतीय धर्मशाळा. सूफी संत बाबा फरीद इथे येऊन राहिले आणि जमिनीखालच्या खोलीत त्यांनी चाळीस दिवस साधना केली, असं परंपरा सांगते. १९२४ पासून मूळच्या सहारनपूरच्या अन्सारी कुटुंबाकडे तिची देखभाल आहे. हे राहतं घर आहे, तिकीट काढून बघायचं ठिकाण नाही. त्यामुळे आधी विचारूनच जा आणि नाही म्हणाले तर मुकाट परत या. ती खोली इतकी लहान आहे की आत गेल्यावर बसण्याखेरीज काही करता येत नाही. याच फरीदांचा एक श्लोक गुरू ग्रंथ साहिबात आहे: रानोरान का भटकतोस, काटे का तुडवतोस, रब तर हृदयात वसतो, त्याला रानात काय शोधतोस? चिश्ती परंपरेतला सूफी, जेरुसलेमचं तळघर आणि शिखांचा ग्रंथ, तिन्ही एका ओळीत आले. तरी फरीद इतक्या दूर चालत आलेच होते, हेही विसरू नये. हृदयातलं सापडायला त्यांनाही वाट तुडवावी लागली, आणि म्हणून असा प्रवास व्यर्थ आहे असं मी कोणालाच सांगणार नाही.

बाकी व्यवहाराचं. भारतीयांना व्हिसा आधी लागतो, आणि निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. इथली परिस्थिती रातोरात पालटते. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळी चिठ्ठी देतात, ती परतेपर्यंत जपा. विमानतळावरून रेल्वेने शहरात अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत ही रेल्वे, ट्राम आणि बहुतेक बस बंद असतात. दमास्कस गेटकडच्या अरब बस मात्र चालू राहतात. त्यामुळे येण्याजाण्याचा दिवस शनिवार ठेवू नका, पण मधला एक शुक्रवार मुद्दाम शहरात काढा. ज्यूंचा तालमूद ग्रंथ म्हणतो की शब्बाथ म्हणजे येणाऱ्या जगाचा साठावा हिस्सा. दुपारी हरामवरच्या अल-अक्सा मशिदीतून नमाज संपवून लोक बाहेर पडतात, नंतर तीन-चारच्या सुमारास फ्रान्सिस्कन साधू क्रूसाच्या वाटेने मिरवणूक काढतात, आणि सूर्य मावळताना वेस्टर्न वॉलकडे जाणाऱ्या गल्ल्या भरतात. तिन्ही एकाच दिवशी पायी गाठता येतात. त्या दिवसाचं खाणं आणि पाणी सकाळीच घेऊन ठेवा.