गॅरेजच्या खिडक्या: नजर वेगळी, ऊन वेगळं

आमचं घर नागपुरात, गॅरेजच्या दोन खिडक्या पश्चिमेला आणि बाहेर लगेच गल्ली. गाडी मी तिथे ठेवतच नाही, ती अंगणात असते. गॅरेजमध्ये माझं सुतारकामाचं टेबल, ड्रिल, ग्राइंडर आणि वडिलांची जुनी स्कूटर. काचा साध्या, पारदर्शक. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावून "काय बनवताय काका?" असं विचारूनच पुढे जायचा. ते एक वेळ चाललं असतं, पण हत्यारं किमतीची आहेत आणि ती कुठे ठेवलेली असतात हे अख्ख्या गल्लीला पाठ असावं, असं मला वाटत नव्हतं.

दुसरं दुखणं उन्हाचं. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या सुमाराच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी तीननंतर त्या खिडक्यांतून ऊन थेट टेबलावर यायचं. वर छज्जा आहे, पण पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा काय अडवणार? स्कूटरच्या सीटचं रेक्झिन तडकलं, फेविकॉल डब्यातच घट्ट झालं. वर्तमानपत्रं चिकटवून पाहिली होती. ती महिन्याभरात पिवळी पडून फाटली आणि दिवसाही ट्यूब लावायची वेळ आली.

इतवारीत काच-फिल्मच्या दुकानात गेलो. डोक्यात आरशासारखी फिल्म होती: बाहेरच्याला आरसा दिसतो, आपल्याला मात्र बाहेरचं सगळं दिसतं. दुकानदाराने उलट मलाच विचारलं, "भाऊ, काम कोनत्या टायमाले करता? रातच्याले करत असान तं हे घेऊ नोका." मी बहुतेक संध्याकाळीच बसतो. त्याने एक तुकडा दिला, तो मी घरी काचेवर लावून पाहिला. दिवसा झकास आरसा. अंधार पडल्यावर आत ट्यूब लावली आणि गल्लीत जाऊन उभा राहिलो, तर टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा मोजता येत होता. जिकडे उजेड जास्त, तिकडच्याला आरसा दिसतो, एवढाच त्या फिल्मचा खेळ. म्हणून दुधी फिल्म घेतली. तिला दिवस-रात्र सारखीच. फार तर आतल्या माणसाची सावली दिसते, हत्यारं नाही. काळी फिल्म मलाच नको होती, आतला उजेड गेला असता. "काळी लावली तर पोलीस पकडतात," असं शेजाऱ्यांनी सांगितलं, पण सर्वोच्च न्यायालयाची 2012 ची ती बंदी गाड्यांच्या काचांसाठी आहे, घराच्या नव्हे.

फिल्म लावणारा माणूस बोलावता येतो, मी स्वतःच लावली. सकाळीच बसलो, कारण दुपारी काच तापलेली असते आणि पाणी बघता बघता वाळतं. काचेवरचे रंगाचे जुने शिंतोडे ब्लेडने खरवडले. यात कंटाळा करू नये, एक खडा राहिला तरी तिथे फुगा धरतो. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि शाम्पूचे चार थेंब. फिल्मचा मागचा कागद नखाने सुटता सुटत नाही. त्याला युक्ती अशी: कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी सेलोटेपचे तुकडे चिकटवायचे आणि ओढायचे, कागद अलगद सुटतो. काच आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही चिंब भिजवायच्या, म्हणजे फिल्म काचेवर सरकवून नीट बसवता येते. मग जुनं एटीएम कार्ड सुती कापडात गुंडाळून मधून कडांकडे पाणी बाहेर काढत न्यायचं. कडेला बारीकशी फट सोडून जास्तीची फिल्म कापली. आत राहिलेले पाण्याचे छोटे फुगे हळूहळू आपोआप जिरतात, सुईने टोचत बसू नये.

गल्लीतली नजर थांबली, ऊन मात्र फारसं कमी झालं नाही. दुधी फिल्म ऊन पसरवते, अडवते थोडंच. जाड पडदा आतून लावला तरी तो स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणजे ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. वाळ्याचा पडदा छान, पण त्याला पाणी मारत कोण बसणार? शेतीच्या दुकानातून 75 टक्क्यांची, म्हणजे साधारण तेवढं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट (जाळी) आणली. चारही बाजूंनी दुमडून शिवून घेतली, कोपऱ्यांत रिंगा बसवल्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे आलेल्या हुकांना अडकवली. मधली हवा तापून वर निघून जाते. आमच्याकडे मे महिन्यात वादळ कधी येईल नेम नाही, म्हणून पक्की ठोकली नाही. हुकातून काढली की गुंडाळून आत. पावसाळ्यात तर नकोच, तेव्हा उजेड लागतो.

वरची झडपं फिल्म आणि शेडनेट, दोन्ही लावताना उघडीच ठेवली. स्कूटरच्या टाकीत पेट्रोल आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचते. म्हणून शटरही मी जमिनीपासून चार बोटं वर ठेवतो.

आता दुपारी टेबलावर हात ठेवता येतो. पण शटर दक्षिणेला आहे, लोखंडी आणि गडद निळं. पुढचा नंबर त्याचा, पांढरा रंग आणून ठेवलाय.